डी.एन.ए.मधील समदिश पुनरावृत्ती आणि सिकलसेल

रायपूर व त्याच्या आसपासच्या प्रदेशात सिकलसेल हा आजार अपरिचित नाही. एकाच घरातील दोन भावंडे या विकाराने पीडित असावीत. त्यांपैकी एकाचे रक्त सतत घटावे आणि दुसऱ्याचे मात्र बऱ्यापैकी टिकून राहावे, असे कित्येकदा घडते. दोघांनाही सदोष जनुक त्याच आईबापांकडून मिळालेले असते. मग हा भेद कोठून आला? या प्रश्नाची उत्तरे अनेक आहेत. त्यांतील एक उत्तर डी.एन.ए.च्या एका साध्या रचनेत सापडते. तिला आपण समदिश पुनरावृत्ती असे म्हणू.

पुनरावृत्ती म्हणजे काय?

डी.एन.ए.चा दुपेडी गोफ चार घटकांनी बनलेला असतो. ए, टी, जी व सी ही त्यांची आद्याक्षरे होत. ए समोर टी आणि जी समोर सी असा त्यांचा जोड असतो. या अक्षरांचा एखादा क्रम, उदाहरणार्थ जी-ए-ए-टी-सी, काही अंतरानंतर त्याच पेडावर, त्याच दिशेने जशाचा तसा पुन्हा आला, तर ती समदिश पुनरावृत्ती होय. तोच क्रम समोरच्या पेडावर उलट दिशेने आला, तर आपल्या पेडावर जी-ए-टी-टी-सी असे वाचावयास मिळते. ती उलट पुनरावृत्ती. हा भेद केवळ नावाचा नव्हे. दोन उलट पुनरावृत्तींमध्ये अदलाबदल झाली, तर मधला भाग पालटतो. दोन समदिश पुनरावृत्तींमध्ये ती झाली, तर मधला भाग गळतो अथवा दुणावतो.

हे कसे घडते?

जुन्या पोथ्यांची नक्कल करणाऱ्या लेखकाचे उदाहरण घ्या. एकाच पानावर तेच शब्द दोनदा आले, तर पहिल्या ठिकाणापर्यंत लिहून झाल्यावर त्याची नजर चुकून दुसऱ्या ठिकाणी जाते व मधल्या ओळी सुटतात. पेशीविभाजनापूर्वी डी.एन.ए.ची प्रत तयार होत असतानाही असेच होऊ शकते.

दुसरा प्रकार अधिक महत्त्वाचा आहे. जननपेशी तयार होताना जोडीची दोन गुणसूत्रे शेजारी येऊन परस्परांत तुकड्यांची अदलाबदल करतात. त्यासाठी समान क्रमासमोर समान क्रम यावा लागतो. परंतु सदऱ्याची सर्व काजे सारखीच असल्यामुळे पहिली गुंडी कधी दुसऱ्या काजात जाते. मग एका टोकास गुंडी उरते व दुसऱ्या टोकास काज. त्याचप्रमाणे एका गुणसूत्रावरील पहिली पुनरावृत्ती दुसऱ्यावरील दुसरीसमोर आली आणि तेथेच अदलाबदल झाली, तर एक गुणसूत्र आखूड होते व दुसरे लांब.

अल्फा जनुकांची जोडी

हीमोग्लोबिनचा रेणू दोन अल्फा व दोन बीटा साखळ्यांचा असतो. सिकलसेलचा दोष बीटा जनुकात, म्हणजे 11 व्या गुणसूत्रावर आहे; तेथे केवळ एका अक्षराचा बदल झालेला असतो. अल्फा जनुके 16 व्या गुणसूत्रावर असून ती एकापाठोपाठ एक अशी दोन असतात. एका पुरातन जनुकाच्या दुणावण्यातून ती निर्माण झाली व म्हणूनच जवळजवळ सारखी आहेत. गुणसूत्रे जोडीने असल्यामुळे निरोगी माणसाजवळ एकूण चार अल्फा जनुके होतात.

ही जनुके स्वतःच समदिश पुनरावृत्ती असल्यामुळे त्यांच्यात वर सांगितलेली चूक सहज होते. तिच्यामुळे सुमारे 3,700 अक्षरजोड्यांचा तुकडा गळतो व दोन जनुकांच्या जागी एकच संमिश्र जनुक राहते. याच चुकीतून दुसऱ्या बाजूस तीन अल्फा जनुकांचे गुणसूत्र तयार होते. एक जनुक गळालेले गुणसूत्र हिवतापापासून काही अंशी संरक्षण देते. म्हणूनच जेथे हिवताप पिढ्यान्‌पिढ्या नांदला, तेथे ते पुष्कळ आढळते. मध्य भारतातील अनेक आदिवासी समाज याला अपवाद नाहीत.

आता त्या दोन भावंडांकडे पुन्हा वळू. 11 वे व 16 वे गुणसूत्र परस्परांपासून स्वतंत्रपणे वारशात येतात. म्हणून दोघांचा बीटा दोष एकच असूनही एकाजवळ चार व दुसऱ्याजवळ दोनच अल्फा जनुके असू शकतात. अल्फा साखळ्या कमी झाल्या की तांबड्या पेशीतील हीमोग्लोबिनची दाटी कमी होते, सदोष रेणू एकमेकांस कमी चिकटतात आणि पेशी कमी फुटतात. मात्र हा लाभ निर्भेळ नाही. रक्त दाट राहिल्यामुळे हाडांच्या वेदना व खुब्याच्या हाडाची झीज टळत नाही. ती कधी वाढतेही.

व्यवहारात याचा उपयोग

मध्य भारतातील सिकलसेलची नोंद नागपूरच्या शुक्ल व सोळंकी यांनी 1958 मध्ये प्रसिद्ध केली. 1 जुलै 2023 रोजी शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. अशा तपासणीच्या वेळी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली ही की, अल्फा जनुक गळालेल्या व्यक्तीच्या तांबड्या पेशी लहान दिसतात. त्या लोहाच्या अभावानेही लहान होतात. म्हणून रक्तातील लोहाची तपासणी न करता महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या देणे योग्य नव्हे. दुसरी गोष्ट अशी की, अशा वाहकाच्या रक्तात एस हीमोग्लोबिनचे प्रमाण नेहमीपेक्षा कमी आढळते. त्यावरून त्याचे वाहकपण कमी झाले असे कोणी समजू नये. दोन्ही जोडीदार वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यास आजार होण्याची शक्यता चारात एक इतकीच राहते.

पुनरावृत्तींचा आणखी एक उपकार सांगून हे विवेचन पुरे करू. 1987 मध्ये जपानमधील इशिनो व त्यांच्या सहकाऱ्यांना एका आतड्यातील जीवाणूच्या डी.एन.ए.मध्ये 29 अक्षरांचा एकच क्रम ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा आलेला दिसला. त्याचा अर्थ तेव्हा कोणासही लागला नाही. पुढे तो क्रम जीवाणूंच्या विषाणूविरोधी संरक्षणाचा भाग असल्याचे उमगले. त्यातूनच जनुक कापण्याचे क्रिस्पर हे साधन हाती आले आणि 2023 मध्ये त्यावर आधारलेल्या सिकलसेलच्या उपचारास ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. तो उपचार अत्यंत महाग आहे. रायपूरच्या परिसरातील कुटुंबांना आज खरा आधार आहे तो वेळीच केलेल्या रक्ततपासणीचा व तिचा अर्थ नीट समजून घेण्याचा.