मुचलका आणि मुंधुम : फाल्गुनंद लिंगदेन यांचा सुधारणाविचार

पूर्व नेपाळच्या डोंगराळ मुलखात राई, लिंबू, याक्खा, सुनुवार आदी किरात समाजांची वस्ती आहे. त्यांचा धर्म एखाद्या ग्रंथापेक्षा मुंधुम या मौखिक परंपरेत अधिक नांदला. जन्म, विवाह व मृत्यू या प्रसंगी लिंबूंचा फेदाङ्मा, म्हणजे पुरोहित, हा मुंधुम मुखोद्गत म्हणतो. याच परंपरेत, १८८५ साली, इलाम भागातील एका लिंबू कुटुंबात फाल्गुनंद लिंगदेन यांचा जन्म झाला. ब्रिटिश हिंदी सैन्यात काही काळ नोकरी करून ते परतले, आणि पुढील आयुष्य त्यांनी धर्मोपदेशात व्यतीत केले.

त्यांच्या उपदेशात मद्यत्यागाला जे स्थान आहे ते केवळ नैतिक आग्रहातून आले, असे मानणे अपुरे ठरेल. १८५४ च्या मुलुकी ऐनाने नेपाळमधील जातींची उतरंड लावताना अनेक जनजातींना ‘मतवाली’, म्हणजे मद्यपान करणारे, या वर्गात घातले होते. घरची कोदोची (नाचणीची) तोंगबा हा लिंबूंच्या आतिथ्याचा आणि विधींचा भाग. कायद्याने तीच त्यांच्या हीनत्वाची खूण ठरविली. शिवाय विवाहातील देणीघेणी आणि मृत्यूनंतरचे खर्च कर्जावाचून निभत नसत. किपट ही लिंबूंची सामूहिक वतनी जमीन अशा कर्जापोटी परक्यांकडे गहाण पडत गेली. लायनेल कॅप्लन यांच्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या इलामविषयक अभ्यासात या प्रक्रियेचे तपशीलवार चित्र आढळते. तेव्हा वधूमूल्य व पशुबळी यांना फाल्गुनंदांनी केलेला विरोध हा जमिनीच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही.

१९३१ साली पांचथरमधील सिलौटी येथे त्यांच्या पुढाकाराने समाजाने जो ठराव केला, तो ‘सत्यधर्म मुचुल्का’ या नावाने ओळखला जातो. हा शब्द मराठी वाचकाला कचेरीतील जातमुचलक्यामुळे परिचित आहे. सुधारणेची प्रतिज्ञा भजनाच्या वा उपदेशाच्या रूपात न ठेवता लेखी हमीपत्राच्या रूपात मांडली जावी, ही गोष्ट सूचक आहे. ज्या समाजाला राज्यसंस्था कागदानेच बांधत होती, त्याने स्वतःचा कागद केला. पशुबळी, मद्य व वधूमूल्य यांच्या त्यागाबरोबरच मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रहही त्यात होता.

मद्यमांसाच्या त्यागामुळे या चळवळीला ‘संस्कृतीकरण’ म्हणण्याकडे काही अभ्यासकांचा कल दिसतो. हे विवेचन अर्धेच पटते. आचार उच्चवर्णीयांच्या जवळ जाणारा असला तरी भाषा आणि लिपी मात्र लिंबूंचीच राखण्याचा प्रयत्न होता. अठराव्या शतकातील सिरिजंगा यांच्या नावाने ओळखली जाणारी लिपी फाल्गुनंदांनी धर्मशिक्षणाचे साधन केली. तीही राणा राजवटीत, जिथे शिक्षणच संशयास्पद मानले जाई.

या सुधारणेची किंमत मात्र नोंदवली पाहिजे. बळी आणि मद्य गेले की फेदाङ्माच्या विधींतील मोठा भाग निराधार होतो. युमा देवतेची जुनी उपासना चालविणाऱ्यांनी हा त्याग मानला नाही, आणि सत्यहाङ्मा पंथ निराळा राहिला.

१९४९ साली फाल्गुनंदांचे निधन झाले. २००९ मध्ये नेपाळ सरकारने त्यांना ‘राष्ट्रीय विभूती’ घोषित केले. २०२१ च्या जनगणनेत देशातील सुमारे ३.२ टक्के लोकांनी आपला धर्म ‘किरात’ असा नोंदविला; त्या एका रकान्यात तोंगबा सोडलेले आणि न सोडलेले, दोघेही आहेत.