पेतायावेसीचे जुने चर्च

फिनलंड हा उत्तर युरोपातील सरोवरांचा व अरण्यांचा देश. त्याच्या मध्यभागी पेतायावेसी नावाचे लहानसे गाव आहे. देशावर स्वीडनची सत्ता असताना, 1763 साली, तेथील शेतकऱ्यांनी सरोवराकाठी चर्च बांधावयास घेतले. मोठ्या स्थापत्यकाराने आखून दिलेला नकाशा त्यांच्यापाशी नव्हता. होता तो याक्को लेप्पानेन हा कसबी सुतार. त्याने पाइन वृक्षांचे ओंडके एकमेकांत गुंतवून भिंती रचल्या. चर्चच्या चारही भुजा सारख्या लांबीच्या आणि मधोमध अष्टकोनी घुमट. दगडाविटांचे घुमट पुष्कळांनी पाहिले असतील. हा मात्र अवघा लाकडाचा! जागाही मोठ्या चातुर्याने निवडलेली. उन्हाळ्यात माणसे होड्यांतून येत, हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावरून. 1765 मध्ये चर्च उभे राहिले. 1821 मध्ये याक्कोचा नातू एर्क्की याने त्याला जोडून घंटेचा मनोरा बांधला.

पुढे 1879 मध्ये नवे चर्च झाले आणि जुने ओस पडले. तरी ते कोणी पाडले नाही. त्याच्या भोवतीच्या दफनभूमीत गावकरी आपल्या माणसांना अखेरचा निरोप देतच होते. विसाव्या शतकात जाणकारांचे लक्ष तिकडे गेले, डागडुजी झाली, आणि 1994 मध्ये युनेस्कोने त्या वास्तूला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. आतील भिंतींना रंग नाही. अडीचशे वर्षांत पिकलेले लाकूड तेवढे दिसते.