ऐकल्यावाचून वाचन

आपण वाचायला शिकलो ते कानाने. 'पाणी' हा शब्द पाटीवर आला, तेव्हा तो चार-पाच वर्षे आपल्या तोंडात होताच. अक्षरे नंतर त्याला चिकटली. ज्याने एकही शब्द ऐकलेला नाही, त्याने काय करावे?

माझा धाकटा चुलतभाऊ जन्मतः कर्णबधिर. कळंबच्या एस.टी. स्थानकावर तो गाड्यांच्या पाट्या अचूक ओळखी. पोराला वाचता येते, असा घरात सर्वांचा समज. २०२३ साली जिल्ह्याचे नाव बदलले. 'उस्मानाबाद' जाऊन 'धाराशिव' अशी पाटी आली, तेव्हा गाडी समोर असूनही हा उभाच! नाव बदलल्याचे गावभर बोलले गेले होते, त्याला मात्र कोणी सांगितले नव्हते. पाटी त्याच्या लेखी चित्र होती.

मग मी पुस्तक घेऊन बसलो. 'मुलाला कुत्रा चावला' हे वाक्य त्याने खुणांनी सांगितले ते असे, की मुलगा कुत्र्याला चावला. मला हसू आले. पण चूक तर्काला धरूनच होती. आधी मुलगा, मग कुत्रा, मग चावणे. मधल्या 'ला'ला त्याच्या दृष्टीने काही अर्थच नव्हता.

तो ज्या निवासी शाळेत होता, तिथे वर्गात खुणा करू देत नसत. ओठ पाहून समजून घ्यायचे. (आरशासमोर 'पाल', 'बाल', 'माल' म्हणून पाहा, ओठ सारखेच हलतात.) खुणांची भाषा तो शिकला ती रात्री, वसतिगृहातल्या मोठ्या मुलांकडून. ही रीत जुनी आहे. १८८० साली इटलीतील मिलान येथे बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि तिने खुणांपेक्षा उच्चार श्रेष्ठ ठरवला. खुणांनाही स्वतःचे व्याकरण असते, हे विल्यम स्टोकी यांनी १९६० साली अमेरिकेत दाखवून दिले. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांकेतिक भाषेला स्थान मिळाले. २०२१ पर्यंत भारतीय सांकेतिक भाषेच्या कोशात दहा हजार शब्द जमा झाले. ज्या मुलांना लहानपणीच घरात खुणा मिळतात, ती पुढे वाचनातही सहसा सरस ठरतात. हाती एक भाषा असली, की दुसरी तिच्यावर बेतता येते.

तेच मी करून पाहिले. खुणांत 'ला' नसतो, जागा असते. मुलगा उजवीकडे मांडायचा, कुत्रा डावीकडे, आणि चावण्याची खूण डावीकडून उजवीकडे न्यायची. हात जिथे पोचला, तिथे मी 'ला' लिहिलेला कागद ठेवला. त्याने तो दोनदा उचलून पुन्हा जागेवर ठेवला आणि वाक्य बरोबर सांगितले. पुढे 'मुलाने कुत्र्याला मारले' घेतले; हात निघतो तिथे 'ने'. 'मुलाने' हे 'मुलगा'चेच रूप आहे, हे पटवायला मात्र आठवडा गेला.

दिवाळीच्या सुटीत त्याने आपणहून लिहिले : 'कुत्र्याने मुलाला चावला.' मी 'ने' खोडला. त्याने खुणेने विचारले, "का? हात तर तिथूनच निघतो!" 'चावणे', 'विसरणे', 'बोलणे' यांना भूतकाळात सहसा 'ने' लागत नाही. आपल्या कानाला ते आपोआप खटकते, म्हणून कारण कधी शोधावेच लागले नाही. मी अशा क्रियापदांची यादी करायला घेतली आहे. सध्या ती त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर आहे.