डिझेलचा काटा का चुकतो?

समजा, पूर्णा तालुक्यातील ताडकळसहून सोयाबीनची पोती भरून एक जुना ट्रक परभणीला निघाला आहे. काटा पाव टाकी डिझेल दाखवतो, पण वाटेतच इंजिन बंद पडते. टाकी कोरडी! डिझेल इंजिनात इंधन संपले की नळ्यांत हवा शिरते. मग नुसते डिझेल ओतून भागत नाही. ती हवा काढावी लागते. म्हणून काटा चुकतो कसा, हे समजून घेऊ.

विद्यार्थिमित्रांनो, काटा डिझेल मोजत नाही; तो विजेच्या प्रवाहाप्रमाणे हलतो. टाकीत एका दांडीच्या टोकाला फ्लोट तरंगत असतो. पातळी बदलली की दांडी हलते व तिला जोडलेली पत्ती रोधाच्या तारेवर सरकते. रोध बदलतो, म्हणून प्रवाह बदलतो. एका प्रचलित प्रकारात रिकाम्या टाकीला रोध सुमारे १० ओहम, तर भरलेल्या टाकीला १८० ओहम असतो. काही प्रकारांत हे नेमके उलट असते. हा प्रवाह टाकी व चासीच्या धातूमधून बॅटरीकडे परततो. यालाच गॅरेजमध्ये ‘अर्थ’ म्हणतात.

फ्लोट, तार, मीटर आणि अर्थ या साखळीतील कोणती कडी बिघडली? अंदाजाने भाग बदलण्यापेक्षा क्रमाने तपासावे.

१. ट्रक सपाट जागी उभा करून टाकीत स्वच्छ काठी घालावी. डिझेलची खरी खोली कळते.

२. टाकीवरील मीटरची तार सोडवून चावी चालू करावी. वरील प्रकारात काटा ‘भरलेली’कडे जातो, तार क्षणभर चासीला टेकवली की ‘रिकामी’कडे. काटा दोन्हीकडे गेला, तर मीटर व तार ठीक असून दोष टाकीच्या बाजूला आहे. नाही गेला, तर तार, फ्यूज किंवा मीटर पाहावे. येथे ठिणगी उडू शकते. म्हणून हे काम मेकॅनिकनेच, टाकीचे झाकण बंद ठेवून करावे. पेट्रोलच्या किंवा संगणकीय मीटरच्या गाडीवर ते करू नये.

३. बॅटरीची तार काढून मल्टिमीटरने फ्लोटच्या यंत्रणेचा रोध आधी तिच्याच धातूच्या झाकणापर्यंत, मग चासीपर्यंत मोजावा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. दुसरा २० ओहमने जास्त आला, तर अर्थमध्ये गंज आहे. १० ते १८० या १७० ओहमच्या टप्प्यात २० ओहम म्हणजे सुमारे आठवा भाग. २०० लिटरच्या टाकीत काटा २० लिटरहून अधिक डिझेल जास्त दाखवील! उलट प्रकारात हाच गंज डिझेल कमी दाखवतो. गंज घासून बोल्ट आवळला किंवा वेगळी अर्थची तार जोडली की हा दोष जातो.

सर्व कड्या ठीक असूनही चूक उरू शकते. आडव्या गोल टाकीत डिझेलची खोली व्यासाच्या पाव असली, तरी डिझेल पाव टाकी नसते. ते सुमारे १९.५ टक्केच भरते. २०० लिटरच्या टाकीत ५० ऐवजी ३९ लिटर! फ्लोट उंची जाणतो, आकारमान नव्हे.

करून पाहा : एका गोल डब्यावर बारीक भोक पाडून तो आडवा ठेवा. मापाने थोडे थोडे पाणी ओता, दर वेळी काठी बुडवून खोली मोजा आणि खोली व पाणी यांचा आलेख काढा. रेषा सरळ येते का? अशाच खुणा केलेली काठी ट्रकमध्ये ठेवली, तर काटा बिघडला तरी गाडी वाटेत अडणार नाही.