मुहाजिरांची मुले आणि नवी भाषा

रोजगारासाठी परप्रांतातून हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीत आलेल्या कुटुंबाचे मूल मराठी शाळेत बसते, तेव्हा त्याच्या तुटक बोलण्यावर वर्ग हसतो. त्या हसणाऱ्यांत आपलेही मूल असेल, तर त्याला सूरह रूमची 22 वी आयत समजावून सांगा. भाषांची विविधता ही तेथे अल्लाहची निशाणी म्हटली आहे. मदीनेत आलेल्या हजरत सलमान फारसी (रजि.) यांचीही मातृभाषा अरबी नव्हती.

तिर्मिजीतील हदीसनुसार हजरत जैद बिन साबित (रजि.) यांनी प्रेषितांच्या (स.) आज्ञेवरून यहुद्यांची लिपी पंधरवड्यात आत्मसात केली. ती असामान्य प्रतिभा होती. लहानग्याकडून अशी घाई अपेक्षू नये.

आपल्या घरात दखनी आणि शाळेत मराठी. म्हणूनच हिंदी बोलणाऱ्या नवागताला ‘वही’, ‘फळा’, ‘उद्या’ हे शब्द आपलेच मूल सहज समजावू शकते. दोघांना एका बाकावर बसवण्याची विनंती गुरुजींना करा. त्याच्या पालकांना मात्र घरची बोली सोडावयास सांगू नका.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मुख्याध्यापकांकडे जाताना त्या पालकांसोबत मराठी जाणणारे कोणीतरी असावे.