छिद्रांची भाषा : सोलापूरचा माग आणि संगणकावरील नक्षी

(द्वितीय वर्ष, बी. ए.)

सोलापूरची चादर ठाऊक नाही असा मनुष्य महाराष्ट्रात विरळाच. 2005-06 या वर्षात तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु तिच्यावरील नक्षी कापडात उतरते कशी, हे आपल्याच गावातील पुष्कळ विद्यार्थ्यांना सांगता येणार नाही. माझे वडील पूर्व भागातील एका कारखान्यात यंत्रमाग चालवतात, आई विड्या वळते आणि महाविद्यालयाची पायरी चढणारी आमच्या घरातील मी पहिलीच. तरीही दोन वर्षांपूर्वी मलाही ते सांगता आले नसते. संगणकावर चित्र काढायला शिकले, तेव्हा कुठे मला घरचा माग समजू लागला.

प्रथम माग पाहू. ताण्याचे धागे उभे, बाण्याचे आडवे. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात. प्रत्येक उभी रांग म्हणजे ताण्याचा धागा, प्रत्येक आडवी ओळ म्हणजे बाण्याची एक फेक. घर भरलेले असेल तर ताणा वर, रिकामे असेल तर खाली. मग प्रत्येक ओळीसाठी एक पुठ्ठ्याचे कार्ड घेऊन भरलेल्या घरांच्या जागी छिद्रे पाडतात. छिद्र असेल तिथला हुक धागा उचलतो, नसेल तिथला उचलत नाही. कार्डे क्रमाने ओवून मागावर चढवली की नक्षी आपोआप विणली जाते.

ही युक्ती फ्रान्समधील लिऑन शहराच्या जोसेफ मारी जॅकार्ड याने 1804 च्या सुमारास पूर्णत्वास नेली. पुढे 1839 मध्ये त्याचेच चित्र सुमारे 24,000 कार्डे वापरून रेशमात विणले गेले. चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी कार्डांची कल्पना येथूनच उचलली आणि एडा लव्हलेस हिने 1843 मध्ये त्या यंत्राची तुलना जॅकार्डच्या मागाशी केली. म्हणजे छिद्र आणि छिद्र नाही, ही संगणकाची भाषा आधी विणकराची होती.

आता संगणकाकडे वळू. तयार सॉफ्टवेअरमध्ये आपण दुसऱ्याने ठरवलेली बटणे दाबतो. परंतु चित्र काढण्याचा नियमच आपण लिहिला, तर साधनही आपले होते. कलावंतांना असे लिहिणे सोपे जावे म्हणून बेन फ्राय आणि केसी रीस यांनी 2001 मध्ये ‘प्रोसेसिंग’ ही भाषा सुरू केली. ती विनामूल्य आहे. मी तिचेच ‘पी फाइव्ह’ हे भावंड महाविद्यालयाच्या संगणक कक्षात शिकले.

वाचकांनी वहीच्या चौकटींवर एक प्रयोग करून पाहावा. ओळींना आणि रांगांना 1 ते 8 क्रमांक द्या. ज्या घराच्या ओळीचा व रांगेचा क्रमांक मिळून येणाऱ्या बेरजेला 4 ने निःशेष भाग जातो, तेवढेच घर भरा. तिरप्या रेषा उमटतील. विणकर याला ट्विल म्हणतात. चारऐवजी पाच घ्या, कापड बदलेल. एका ओळीचा नियम आणि शेकडो नक्ष्या, एवढेच या कलेचे मर्म आहे.

या बळावर मी 48 रांगा आणि 96 ओळींची एक वेल तयार केली आणि मोठ्या ऐटीत वडिलांच्या परिचयातील एका काकांकडे नेली. काकांनी तीस वर्षे कार्डे पंच केली. आता इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आले. त्याला पुठ्ठा लागत नाही, संगणकातली फाइल चालते. त्यामुळे त्यांचे काम जवळजवळ थांबले आहे. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, “पोरी, चित्र बेस हाय. पन कापड न्हाई. हितं धागा बारा घरं सुटा चाललाय. लोंबकळंल, बोटात अडकंल.”

मी परत येऊन प्रोग्रॅममध्ये भर घातली: ओळीत पाचांहून अधिक घरे सलग आली, तर मध्ये एक गाठघर टाकावे. काका म्हणाले, “आडवं बघितलंस, उभं कोन बघनार?” तेही केले. तिसऱ्या वेळी म्हणाले, “गाठी एकाखाली एक आल्या, रेघ दिसनार. इस्कटून टाक.” संगणकाला धाग्याचा धाक नसतो. तो काकांच्या बोटांत होता. माझ्या प्रोग्रॅममध्ये आज जे उपयोगाचे आहे, ते त्या तीन वाक्यांतून आले आहे.

शेवटी काकांनी हाताने 96 कार्डे पंच केली आणि वॉल हँगिंगच्या एका जुन्या हातमागावर, 384 हुकांच्या जॅकार्डवर, माझी वेल आठ वेळा शेजारी शेजारी विणली गेली. कापड हाती आले तेव्हा मला फार आनंद झाला. काकांनी ते उलटसुलट करून पाहिले, हात फिरवला आणि विचारले, “आता समदं त्यात गेलं. मग माजं काय ऱ्हायलं?”

मला उत्तर देता आले नाही. अजूनही पुरते देता येत नाही. यंत्र आले की कोणाचे तरी हात रिकामे होतात, हे सोलापूरने गिरण्यांच्या बाबतीतही पाहिले आहे. माझ्या प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत हे नियम कोणाकडून मिळाले ते मी लिहून ठेवले आहे. पण त्याने त्यांचे घर चालत नाही, हे मला कळते.

एवढे मात्र निश्चित वाटते. मागाचे नियम जाणणारी माणसे आपल्या पेठांत आज आहेत, पुढे असतीलच असे नाही. बाहेरचे तयार सॉफ्टवेअर विकत घेणारा त्यांच्याकडे जाणार नाही. स्वतःचे साधन बनवू पाहणाऱ्याला मात्र त्यांच्या दारात जावेच लागते, आणि त्यांना शिक्षक मानून, त्यांच्या वेळेचा मोबदला देऊन जावे लागते. आपल्या वर्गात मागवाल्यांची मुले पुष्कळ आहेत. त्यांनी संगणक अवश्य शिकावा. परंतु पहिला धडा घरी गिरवावा. मी तो उशिरा गिरवला. आता दर रविवारी काकांकडे जाते. ते सांगतात, मी लिहून घेते.