वेगळं आलेलं रीडिंग

प्रॅक्टिकलला पाच रीडिंग घेतली, चार जवळजवळ सारखी आली आणि एक भलतंच आलं, तर आपण काय करतो? खरं सांगा! गुपचूप ते खोडतो, उरलेल्यांची सरासरी काढतो आणि जर्नल सबमिट करतो. मीही हेच करत आलो. पण रोगप्रतिकारक पेशींवरचा एक प्रयोग वाचनात आला आणि खोडरबर हातातच राहिलं.

आधी थोडं बेसिक. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच संच असतो, पण सगळी जनुकं एकाच वेळी कामाला लागत नाहीत. ज्याची गरज पडते त्या जनुकाची आरएनएच्या रूपात नक्कल निघते आणि तिच्यावरून प्रथिन बनतं. यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. नकला मोजल्या की पेशी त्या वेळी काय करते आहे, याचा अंदाज येतो.

पूर्वी हे मोजताना असंख्य पेशी एकत्र फोडायच्या आणि सरासरी काढायची. गोम इथेच आहे! सरासरी 50 आली, तर प्रत्येक पेशीत 50 नकला असतील, किंवा निम्म्या पेशींत 100 आणि निम्म्यांत शून्य. आकडा एकच, पण परिस्थिती पूर्ण वेगळी.

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठ आणि ब्रॉड इन्स्टिट्यूटमधल्या अविव रेगेव, होंगकुन पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली उंदराच्या फक्त 18 डेंड्रायटिक पेशी एकेक करून तपासल्या. या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. सगळ्यांना एलपीएस, म्हणजे काही जिवाणूंच्या बाह्य आवरणातला घटक, सारखाच दिला होता. तरीही कित्येक जनुकं काही पेशींत जोरात चालू, तर काहींत चक्क बंद!

मग 2014 साली त्यांनी 1700 हून जास्त पेशींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या तासात विषाणूविरोधी जनुकं फक्त मोजक्या पेशींत चालू झालेली दिसली. काही तासांनी मात्र ती जवळपास सगळीकडे चालू! या मोजक्या पेशी म्हणजे चुकलेलं रीडिंग, की त्यांनीच बाकीच्यांना जागं केलं?

हे ठरवायला कामी आली इंजिनिअरिंगची करामत. बारीक नळ्या आणि कप्पे असलेल्या मायक्रोफ्लुइडिक चिपवर एकेक पेशी वेगळ्या कप्प्यात बंद केली आणि तिथेच एलपीएस दिला. आता शेजारी कोणी नाही. बहुतेक पेशींत विषाणूविरोधी जनुकं चालूच झाली नाहीत! पेशींचं स्रवणं औषधाने अडवून पाहिलं. इंटरफेरॉनचा निरोप घेणारा रिसेप्टरच नसलेल्या उंदरांच्या पेशीही तपासल्या. तिन्ही वाटा एकाच उत्तराकडे गेल्या. त्या आगाऊ पेशी इंटरफेरॉन सोडतात आणि तो निरोप मिळाल्यावर बाकीच्या तयारीला लागतात.

आपल्या होस्टेलचंच बघा ना. सबमिशनची नोटीस सगळ्यांसमोर लागते, पण ती मनावर घेतात एक-दोघंच. ते खोल्याखोल्यांतून ओरडत फिरतात आणि रात्री बारापर्यंत अख्खं होस्टेल लिहायला बसलेलं असतं. प्रत्येकाला आपापल्या खोलीत कोंडलं असतं तर?

निरोपाचा दुसरा उपयोगही दिसला. संवाद तोडल्यावर दाह वाढवणाऱ्या काही जनुकांच्या बाबतीत पेशीपेशींतला फरक बराच कमी झाला. म्हणजे शेजाऱ्यांचे निरोप एका बाजूने तयारी सुरू करतात, तर दुसऱ्या बाजूने दाहाला थोडा लगामही घालत असावेत. हा लगाम महत्त्वाचा आहे. दाह हाताबाहेर गेला तर तो शरीरालाच घातक ठरतो.

तेव्हा पेशीचं 'वातावरण' म्हणजे नुसतं तापमान, अन्न आणि जंतू नव्हे. शेजारच्या पेशी काय सांगतात, हेही तिचं वातावरणच. जनुकं तीच आणि औषधाचा डोसही तोच असला, तरी शेजार बदलला की वागणं बदलतं.

आता पुन्हा आपल्या जर्नलकडे येऊ. वेगळं रीडिंग आलं म्हणजे तोच शोध, असं अजिबात नाही. बऱ्याचदा वायरच लूज असते! पण ते खोडण्याआधी एकदा परत घेऊन बघायला काय हरकत आहे? त्या शास्त्रज्ञांनी मोजक्या पेशी सरासरीत बुडवल्या असत्या, तर बाकीच्यांना कोणी जागं केलं हे कळलंच नसतं.